काही न घडण्यासाठी

गोळी इतकी लहान आहे की तळहाताच्या रेषेत हरवते. हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा रंग, कडा गुळगुळीत, चव जवळजवळ नाही. आत औषध असतं ते अवघं अडीच मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. रात्री जेवणं आटोपतात, ओटा पुसून होतो, घरातले आवाज एकेक करून विझत जातात, कोरेगाव स्टेशनातून सुटलेली मालगाडी बराच वेळ धडधडत राहते आणि मग तीही रहिमतपूरच्या बाजूच्या अंधारात विरून जाते, तेव्हा मी फडताळातला डबा काढते, पट्टीवरचा चंदेरी कागद अंगठ्याने फोडते आणि पाण्याच्या एका घोटाबरोबर गोळी आत सोडते. मग थोडा वेळ तशीच उभी राहते.

काहीच होत नाही.

तेच तिचं काम. काही न घडणं. गर्भारपणातल्या लोहाच्या गोळीने चेहऱ्यावर रंग येतो, तापाच्या गोळीने घाम फुटतो, दुखण्याच्या गोळीने निदान डोळा तरी लागतो. ही गोळी मात्र आपल्या कामाची एकही खूण मागे ठेवत नाही. खूण ठेवते ती आपल्या त्रासाची. आजार आला तेव्हा तो दुखला नव्हता. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताला लागलेली वाटाण्याएवढी मुकी गाठ. तिने कधी कळ दिली नाही, झोप मोडली नाही, अन्नावरची वासना उडवली नाही. औषधाने हे सगळं केलं. शरीराचा हा उलटा हिशेब मला अजून नीट उलगडलेला नाही, आणि खरं सांगायचं तर रोज रात्री त्या डब्यापाशी उभी राहते ती मी त्याच हिशेबाशी उभी असते.

मोठे उपचार चालू असतात तेव्हा घर भरलेलं असतं. ऑपरेशन, मग केमो, मग शेक. कोणत्या खेपेला कोण सोबत येणार याच्या पाळ्या लागतात. दारात शहाळी येऊन पडतात, डाळिंबं येतात, नणंद नाचणीचे लाडू करून पाठवते, कधी चार शब्द न बोललेली मागच्या आळीतली म्हातारी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढून जाते. डोक्यावरचे केस जातात तेव्हा सगळ्यांना आजार दिसतो, आणि दिसतो म्हणून तो खरा वाटतो. मग केस परत येतात, जावळासारखे मऊ, कुरळे. लोकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. आणि अशाच एखाद्या दिवशी डॉक्टर कागदावर एकच ओळ लिहितात: रोज एक गोळी, पाच वर्षं.

त्या ओळीसाठी कुणी शहाळं आणत नाही.

‘काय गं, आजून गोळ्या चालूच हैत व्हय? बरी झालीस नव्हं तू?’ असं बाजारात भाजी निवडता निवडता कुणीतरी विचारतं. प्रश्नात माया असते, थोडी शंकाही असते; ही काही लपवत तर नाही ना, अशी. बरी आहे म्हणूनच घेते, हे उत्तर मला माहीत आहे. पण मेथीच्या जुड्या आणि आल्याच्या ढिगाच्या मधोमध उभं राहून ते कसं समजावायचं? एकदा मात्र त्या आल्यानेच समजावलं. मला.

आमचा तालुका आल्याचा. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे लागण होते, गादीवाफ्यांवर पावसाळाभर हिरवी पाती सळसळतात, त्यांच्या कडेने गेलं तरी हवेला तिखट ओला वास असतो. पण भाव पडले की शेतकरी आलं काढत नाही. ठेवतो तसंच. थंडी ओसरता ओसरता पाला पिवळा पडतो, वाळतो, कोलमडून मातीला मिळतो. नवख्या माणसाने रानाकडे पाहिलं तर त्याला वाटावं, इथे आता काही उरलेलं नाही, नांगर घालायला हरकत नाही. आणि खाली, वीतभर अंधारात, कंद जिवंत असतो. डोळे मिटून पडलेला. पावसाची वाट पाहत. एका उन्हाळ्यात असल्याच एका उघड्या रानाच्या बांधावर मी उभी होते, पायाखाली ढेकळं तापलेली होती, आणि डॉक्टरांनी जे कितीदा तरी सांगितलं होतं ते एकाएकी तळपायातून वर चढत आलं.

संप्रेरकांवर वाढणारा स्तनाचा कर्करोग असाच धीराचा असतो. गाठ काढण्याच्या आधीच तिच्यातल्या काही पेशी निसटलेल्या असू शकतात. हाडात, यकृतात, कुठेतरी जाऊन त्या पडून राहतात. दोन वर्षं नव्हे, पाच नव्हे, कधी पंधरा, कधी वीस. तपासणीत दिसत नाहीत, रक्तात बोलत नाहीत. त्यांचा पाऊस म्हणजे इस्ट्रोजेन, जे बाईच्या अंगात कालपरवापर्यंत तिचं तारुण्य म्हणून वाहत होतं.

गोळी तो पाऊस त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही.

मी आधी घेत होते ते टॅमॉक्सिफेन. पांढरी, वीस मिलिग्रॅमची. पाळी जायच्या आधीच्या बायकांना बहुधा तीच देतात. ती इस्ट्रोजेनला अडवत नाही, रक्तात फिरू देते. पण पेशीवर इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसायचं ती जागा आधीच बळकावते. पाळी गेल्यावर बीजाशयांचा कारभार संपतो, तरी चरबीतून, स्नायूंमधून थोडं थोडं इस्ट्रोजेन झिरपत राहतंच. ते घडवणारं एक विकर आहे, अरोमटेज नावाचं. ही पिवळी गोळी, लेट्रोझोल, त्या विकरालाच गप्प बसवते. पहिलीत ओल होती पण कंदाला मिळत नव्हती. आता ढगच जमत नाहीत.

टॅमॉक्सिफेनची जन्मकथा मला कुणी पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी मोठ्याने हसले होते. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ साली डोरा रिचर्डसन नावाच्या रसायनतज्ज्ञ बाईने ते बनवलं, तेव्हा त्याला नावही नव्हतं, नुसता क्रमांक होता: ४६,४७४. आर्थर वॉलपोल यांच्या गटाला हवी होती गर्भनिरोधक गोळी. उंदरांमध्ये ती छान चालली. बायकांमध्ये तिने उलटंच केलं. बीजाशयांना जागं केलं. ज्यासाठी जन्म, त्याच कामात नापास. पुढे मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात ती कर्करोग पसरलेल्या काही स्त्रियांना देऊन पाहिली, १९७१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले, आणि १९७३ पासून ती ब्रिटनमध्ये औषध म्हणून मिळू लागली. मधल्या काळात कंपनीला तिच्यात फारसा नफा दिसत नव्हता. काम बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या. वॉलपोल यांनी हट्ट सोडला नाही. म्हणजे ही गोळी घ्यायचं सोडून द्यावं असं वाटणाऱ्या आम्ही काही पहिल्या नव्हे. तिच्या माहेरच्यांनाच आधी तसं वाटलं होतं!

आणि गंमत अशी की त्याच कुळातलं एक औषध गर्भनिरोधक म्हणून पासही झालं, आणि तेही आपल्याकडे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं, आधी ‘सहेली’ आणि आता सरकारी योजनेत ‘छाया’ या नावाने मिळणारं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एक. आमच्या आशाताई ती वाटतात. बाजारपेठेतून खांद्याला पिशवी लावून चाललेल्या आशाताई दिसल्या की माझ्या मनात येतं, त्यांच्या पिशवीत माझ्या गोळीची दूरची बहीण आहे; एक पाळणा लांबवायला आलेली, दुसरी आयुष्य लांबवायला.

धागा आणखी मागे जातो, मेंढरांपर्यंत. दिवाळीनंतर माणदेशाच्या बाजूने धनगरांचे कळप उतरतात, मोकळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात; पहाटेच्या धुक्यात वाघरीच्या जाळ्याआड लोकरीचा उबदार ढीग श्वास घेत असतो आणि आयांना ढुशा देत कोकरं लुचत असतात. स्कॉटलंडमध्ये जॉर्ज बीटसन नावाचा तरुण डॉक्टर एका जमीनदाराच्या वाडीवर राहत असताना कोकरांचं दूध तुटणं पाहत बसला होता. दूध कशामुळे येतं आणि कशामुळे आटतं, हा प्रश्न त्याच्या मनातून जाईना. गाय व्याल्यावर तिची बीजाशयं काढली तर ती दूध देत राहते, हे काही मुलखांतल्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं; ते त्याने ऐकलं. म्हणजे बीजाशयांची सत्ता स्तनापर्यंत चालते! मग ग्लासगोत, सगळे उपाय थकलेल्या एका तरुण बाईची बीजाशयं त्याने काढली आणि तिची गाठ ओसरत गेली. १८९६ मध्ये त्याने हे छापलं. इस्ट्रोजेन हे नाव अजून कुणी उच्चारलंही नव्हतं.

मला त्या बाईचं फार वाटतं. पुस्तकं डॉक्टरचं नाव सांगतात.

वाफांबद्दल सांगायचं राहिलंच. पहिल्या गोळीच्या दिवसांत त्या यायच्या. बायका त्यांना वाफाच म्हणतात, आणि त्याहून नेमकं मला काही सुचलेलं नाही. छातीच्या मधोमध कुठेतरी एक ठिणगी पडते, गळ्यातून वर सरकते, कानांच्या पाळ्या तापतात, वरच्या ओठावर थेंब जमतात, पाठीवरून घामाची एक धार सरळ उतरत जाते, आणि दोन मिनिटांत सगळं ओसरून अंगावर काटा येतो. नववीच्या वर्गात मी कविता शिकवत असायची. फळ्याकडे तोंड करून, हातातला खडू तसाच टेकवून उभी राहायची, आणि मुलांना वाटायचं बाई शब्द आठवतायत. रात्री तर पत्र्याखालची खोली, चैत्राची हवा, उशीचा अभ्रा ओला. मग मी उठून अंगणात जायची. पलीकडे जरंडेश्वराचा डोंगर काळ्या पाठीचा, त्याच्या अंगावर एखादाच दिवा, तिळगंगेच्या बाजूने येणारी पातळशी झुळूक, आणि मी पदर सोडून गळा उघडा टाकून त्या झुळुकीत उभी. वय झालेल्या, संसार केलेल्या, अब्रूदार बाईने असं उभं राहू नये तशी. पण त्या झुळुकीसारखा स्पर्श मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय. आग नसती तर वारा कळला नसता.

दुसरी गोळी सुरू झाली आणि वाफा बऱ्याचशा निवल्या, सांधे धरले. सकाळी जागी व्हायची तेव्हा माझे हात माझ्या आधी म्हातारे होऊन अंथरुणात पडलेले असायचे. मूठ वळायची नाही. पहिली पावलं टाचांवर, भिंतीला धरून. भाकरी थापायला परातीत पीठ घ्यायचं तर बोटं आखडलेली. ज्या हातांनी न बघता गोल भाकरी फिरवली त्यांना कडेला चिरा पडलेला एक वेडावाकडा नकाशा जमायचा. घेवड्याच्या दिवसांत तर फारच. आमचा वाघ्या घेवडा, फिकट दाण्यावर तांबड्या रेघोट्या, वाघाच्या अंगावर असाव्यात तशा; त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, आणि ती बातमी आली तेव्हा शाळेत आम्ही पेढे वाटले होते. वाळलेल्या शेंगा सोलायला अंगणात सगळ्या बसायच्या, शेंग फुटल्याचा कोरडा टचकन आवाज, सुपात दाण्यांची सर, गप्पा. माझ्या बोटांत शेंग फुटायची नाही. मी दात लावून फोडायची आणि कुणी पाहिलं तर हसायची.

एक गोष्ट अशी आहे की तिच्याविषयी कुणीच बोलत नाही, अंगणातही नाही. अंगातला पाऊस थांबला की ओल सगळीकडचीच आटते. रात्री जवळ येणारा हात नकोसा होतो. माणूस नकोसा नसतो, दुखणं नकोसं असतं, पण अंधारात हा फरक सांगायला शब्द कुठून आणायचे? ह्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. एका रात्री वाफ येऊन मी उठून बसले तर हे जागेच होते. काही न बोलता त्यांनी टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि कपाटातून धुतलेली सुती चादर आणून माझ्या बाजूला घातली. नंतर फार दिवसांनी डॉक्टरीणबाईंकडून कळलं की संप्रेरक नसलेली साधी जेलं मिळतात, यात लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळ बायकांना लागतात. एवढं एक वाक्य. पहिल्याच दिवशी त्या गोळीच्या चिठ्ठीवर का लिहिलेलं नसतं?

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चातुर्मासाचे नेम धरायच्या. एक वर्ष वांगं नाही, एक वर्ष तुळशीला लाख वाती, एका वर्षी तर चार महिने मौनाने जेवल्या. नवरा, पोरं, पाऊस, पीक यांतलं कोणतं त्या मागत होत्या ते कधी बोलल्या नाहीत. मी सून म्हणून घरात आले तेव्हा मला तो सगळा हट्ट वाटायचा. पण नेमाला त्यांच्याकडे एक थाट होता. संकल्प असे, पाटाभोवती रांगोळी असे, चुकलं तर काय करायचं ते ठरलेलं असे, आणि कार्तिकात उद्यापन. सवाष्ण जेवायला, खण-नारळ, घरभर तुपाचा वास. नेम संपल्याचं साऱ्या आळीला कळे. माझ्या गोळीचं तसं काही नाही. ना रांगोळी, ना पाहुणे. असली तर नुसती रिकामी पट्टी, कचऱ्याच्या डब्यात टाकताना करकर वाजणारी.

सोडावीशी वाटते. वाटायचंच. कॅलिफोर्नियातल्या सुमारे पावणेनऊ हजार स्त्रियांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली; ठरलेला काळ ठरल्याप्रमाणे गोळी पूर्ण करणाऱ्या त्यांत निम्म्याच निघाल्या. तिथे मेडिकल कोपऱ्यावर, डॉक्टर फोनवर, तरी निम्म्या. मग आमच्या वाडीवस्तीवरच्या बाईने, जिला पट्टी आणायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, जिची सासू ‘गोळी गरम पडते’ म्हणते, जिचा नवरा ‘डॉक्टरला काय, लिहून द्यायला पैसे पडत नाहीत’ म्हणतो, जिची बोटं खुरपं धरत नाहीत, तिने ती मधेच सोडली तर तिला निष्काळजी म्हणायला माझी जीभ उचलत नाही. निष्काळजी ती नाही. तिला कुणी विचारलंच नाही, बाई, गोळीने तुला काय काय होतं? टॅमॉक्सिफेन फार महाग नाही, आवश्यक औषधांच्या यादीत आहे. महाग आहे ते ऐकून घेणारं माणूस.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मला माहीत आहे. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, आणि तेही पंधरा वर्षांपर्यंत. गोळी थांबली तरी तिची राखण लगेच थांबत नाही. हे वाचलं त्या दिवशी मला एकदम आत्याबाई आठवल्या. त्या जाऊनही किती वर्षं झाली. तरी संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला माझ्या हातून केरसुणी आपोआप खाली ठेवली जाते.

मिरजेला जाणं हा माझा ऋतू झालाय. पॅसेंजरने, खिडकीशी. तारगाव, मसूर, कऱ्हाड, मग उसाची रानं रुंद होत जातात, कृष्णा कधी उजवीकडे चमकते, कधी नुसत्या झाडांच्या रांगेवरून कळते. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून आमच्याकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेची वाट धरतात. डब्यात समोर बसलेल्या बाईच्या मांडीवरची फायलींची पिशवी पाहिली की बोलणं आपोआप सुरू होतं. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान आहेत. त्या माझे हात हातात घेतात, एकेक बोट मिटवून पाहतात, आणि घाई करत नाहीत. ‘त्रास सगळा सांगायचा, काकू. गोळी आपणहून सोडायची नाही,’ एवढाच त्यांचा कायदा. सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच काही आठवडे गोळी थांबवली, त्याच जातीची दुसरी दिली, हाडांची घनता तपासली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं, आणि चाला म्हणाल्या, रोज, घाम येईल असं चाला. चालण्याने हे सांधे सैल होतात, ते अभ्यास करून पाहिलंय लोकांनी. मला आधी ते थट्टेसारखं वाटलं. दुखतात ते पाय, आणि उपाय चालणं! पण सकाळी कुमठ्याच्या रस्त्याला लागते, पहिला फर्लांग शिव्या देत जातो, दुसरा गप्प, आणि मग जरंडेश्वराच्या अंगावर ऊन उतरायला लागतं तोवर पाय कुणाचे ते आठवावं लागतं. नव्या गोळीवर मुठी पुरत्या नाही, पण पुष्कळशा वळू लागल्या. पुढे पुन्हा पिवळीवर आणलं, तेव्हा शरीरानेही फार वाद घातला नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून एकदा सतारमेकरांच्या गल्लीतून चालत गेले. दारादारांत भोपळे टांगलेले, सुकून लाकूड झालेले. लाखेचा, पॉलिशचा वास. एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. घोडीच्या पृष्ठावर कानस अशी फिरवायचे की पिसाने स्पर्श केल्यासारखी, मग तार छेडायचे, कान जवळ न्यायचे, मान हलवायचे, नाही. पुन्हा कानस. पुन्हा तार. मग तारेखाली रेशमाचा एक दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका क्षणी तो ठोकळ, मुका आवाज उघडला. आतून दुसरा, तिसरा, सोन्याच्या धुळीसारखा झणत्कार बाहेर पडत राहिला, गल्लीभर, माझ्या पिशवीतल्या रिपोर्टांवर, समोरच्या चहाच्या गाडीवर. मी विचारलं, किती वेळ लागतो याला? ते म्हणाले, ‘ते ह्याच्यावर आहे,’ आणि बोटाने तंबोऱ्याकडे दाखवलं.

मी चहा घेतला आणि स्टेशनला गेले.

पाच वर्षं संपत आली तेव्हा मला वाटलं होतं, आता माझंही उद्यापन. मनात बेतही केला होता. पुरणपोळी, शेजारच्या चौघी, आणि कारण कुणालाच सांगायचं नाही. पण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, गाठीच्या वेळचा जुना कागदही काढला, काखेतल्या किती ग्रंथींत आजार होता ते पाहिलं, आणि म्हणाल्या, अजून थोडं चालू ठेवू या का? पाचऐवजी दहा वर्षं टॅमॉक्सिफेन दिलं तर काय होतं हे जवळजवळ १३ हजार स्त्रियांवर तपासलं गेलंय, २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दहावाल्यांमध्ये पुढे आजार उलटण्याचं आणि त्याने मरण्याचं प्रमाण आणखी थोडं कमी निघालं. गर्भाशयाच्या अस्तराचा धोका मात्र थोडा वाढला. पिवळ्या गोळीचं गणित वेगळं, तिथे हाडांकडे बघायचं. प्रत्येकीलाच दहा लागतात असं नाही, त्या म्हणाल्या, तुमचं तुम्ही ठरवा, मी माझं मत सांगते. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रिक्षावाले भांडत होते. ‘थोडं’ म्हणजे किती, असं मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, आणि मी हो म्हणाले. पुरणपोळी मात्र केली. कारण सांगून केली.

वाठारच्या बाजूची एक मुलगी हल्ली मला फोन करते. मुलगी म्हणजे, चाळिशीच्या अलीकडची. गाडीत भेटली होती, मांडीवर फायलींची पिशवी. तिची गोळी नुकतीच सुरू झालीय, पांढरी. परवा रात्री दहाच्या पुढे फोन आला.

‘बाई, एखाद्या दिवशी इसरली तर वो?’

‘विसरलीस तर विसरलीस. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस, रोजची एकच घे. ती अंगात काही दिवस राहते, लगेच संपत नाही.’

‘आन् वाफा येत्यात. सासू म्हणती, पंखा सारखा काय लावतीस.’

‘सासूबाईंना दे फोन.’

ती हसली. मग जरा वेळ काही बोलली नाही. मागे टीव्हीचा आवाज, कुणाचं तरी पाठांतर, म्हशीचं हंबरणं.

‘डॉक्टरला सांगू म्हणताय समदं? हसत्याल.’

‘हसले तर पुढच्या खेपेला मी येते तुझ्याबरोबर. आपण दोघी बसू समोर.’

‘पाच वर्सं, बाई! लई झाली की.’

‘लेक कितवीला गं तुझी?’

‘पाचवीला गेली आत्ता.’

‘मग ती दहावीला गेली की तुझंही बघू.’

पलीकडे तिने पाठांतर थांबवायला सांगितलं, लेकीला काहीतरी विचारलं, आणि परत फोनवर येऊन म्हणाली, ‘दहावीला गणित अवघड आस्तंय म्हणती ती.’